विसाव्याची विद्या आणि तिची शाळा

आपल्या रोजच्या बोलण्यात दोन साधी वाक्ये आहेत. 'भजन ऐकले, बरे वाटले' हे एक आणि 'औषध घेतले, बरा झालो' हे दुसरे. बरे वाटणे आणि बरे होणे ही दोन क्रियापदे मराठीने अगदी शेजारी शेजारी ठेवली आहेत. पण त्यांची सरमिसळ मात्र होऊ दिलेली नाही. दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट ऐकून घरी आलेल्या विणकऱ्याला रात्री चार अभंग कानावर पडले की बरे वाटते. त्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण तोच विणकर रक्तदाबाने किंवा मनाच्या दुखण्याने आजारी असेल आणि कोणी त्याला म्हणाले, 'या रागाने तू बरा होशील', तर प्रश्न बदलतो. असे सांगणाऱ्याला हे कोणी शिकविले, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

आज मी तुम्हांला या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. संगीत, शरीराचा विसावा आणि मनासमोर उभे राहणारे चित्र या तिन्ही गोष्टी माणसाजवळ पुरातन काळापासून आहेत. त्यांची विद्या कशी झाली, तिच्या शाळा कशा निघाल्या, आणि पुढे तिन्ही एकत्र येऊन त्यांचा एक धंदा, म्हणजे जबाबदारीचा व्यवसाय, कसा उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे. गंमत अशी की या कथेचा बराचसा भाग आपल्या मिरजेत, आळंदीत, लोणावळ्यात आणि मुंबईत घडलेला आहे.

प्रथम एक गोष्ट. पंडित ओंकारनाथ ठाकूर १९३३ साली युरोपात गेले असता त्यांनी इटलीच्या मुसोलिनीला पूरिया राग ऐकविला आणि झोप न येणाऱ्या त्या हुकूमशहाला गाढ झोप लागली, असे सांगतात. गोष्ट मोठी गोड आहे आणि गवयांच्या बैठकीत ती रंगून सांगितली जाते. घटकाभर ती अक्षरशः खरी मानू. तरी तिच्यातून आपल्या हाती काय लागते? एक थोर गवई, एक श्रोता आणि एक रात्र. दुसऱ्या गवयाने दुसऱ्या माणसासमोर तोच राग गाईला तर काय होईल, हे ती गोष्ट सांगत नाही. आणि त्या श्रोत्याचे मन पूरियाने शांत होण्याऐवजी अधिक उदास झाले असते तर काय करायचे, हेही ती सांगत नाही. आख्यायिका आणि विद्या यांत फरक आहे तो हाच. विद्या दुसऱ्याला शिकविता येते, तपासता येते, आणि चुकली तर सुधारता येते.

संगीताला असे शिकविण्याजोगे रूप देणारा मोठा पुरुष आपल्याच भागातला. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, त्यांची सेवा करायची, आणि गुरूंची मर्जी असेल त्या दिवशी चार सूर पदरात पाडून घ्यायचे. पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे वर्ग आले, क्रमिक पुस्तके आली, स्वरलिपी आली, परीक्षा आल्या. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे केवळ गवई तयार करून ते थांबले नाहीत. गाणे शिकविणारे शिक्षक तयार व्हावेत म्हणून त्यांनी निराळा उपदेशक वर्ग चालविला. १९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालय काढले. १९३१ साली मिरजेत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज तुमच्या तालुक्याच्या गावची एखादी मुलगी हार्मोनियमची 'प्रारंभिक' परीक्षा देते, तिचे मूळ त्या लाहोरच्या विद्यालयात आहे.

दुसरी गोष्ट चित्राची. कीर्तनकार उभा राहतो, मागे टाळ-मृदंग असतो, आणि तो सांगू लागला की मंडपात बसलेल्या माणसाला समोर चंद्रभागेचे वाळवंट दिसू लागते. सूर, शब्द आणि डोळ्यांपुढचे चित्र यांचा हा मेळ आपल्या पंढरपूरच्या परिसरात कोणाला समजावून सांगायला नको. पण हेही लक्षात घ्या की हे काम 'गळा आहे म्हणून उभा राहिला' इतके सोपे नाही, असे वारकऱ्यांनाच वाटले. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली ती याच जाणिवेतून. लोकांच्या मनावर बोलायचे तर आधी ग्रंथ वाचलेला हवा, पाठांतर हवे, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली उभे राहण्याचा सराव हवा. कीर्तन हा काही आजारावरचा उपचार नव्हे, आणि जोग महाराजांचा हेतूही तो नव्हता. मात्र दुसऱ्याच्या मनात चित्र उभे करणे ही जबाबदारी आहे आणि ती शिकावी लागते, एवढा धडा आपल्याला तेथून घेता येतो.

आता तिसरी गोष्ट विसाव्याची. सोलापूरकरांना तालीम हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक आहे; गवयाची तालीम आणि पैलवानाची तालीम. जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत तयार झाला होता. पुढे तो योगाकडे वळला आणि स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगाचे गोडवे गाणारे पुष्कळ होते. स्वामींनी क्ष-किरणाचे यंत्र आणले, दाब मोजण्याची उपकरणे आणली, आणि आसन व प्राणायाम करताना शरीरात नेमके काय घडते ते मोजून छापावयास सुरुवात केली. १९५१ साली तेथे योगाचे महाविद्यालय निघाले, आणि योग शिकविणारे पद्धतशीर शिकून बाहेर पडू लागले. १९६३ साली स्वामींनी आणि डॉ. एस. एल. विनेकर यांनी मिळून यौगिक उपचारांवर एक पुस्तक लिहिले. ते भारत सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले.

या मोजमापाच्या वृत्तीला १९६९ साली मोठे फळ आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते हे हृदयविकाराचे नामांकित वैद्य होते. त्यांनी, डॉ. विनेकर आणि आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर, रक्तदाब वाढलेल्या ४७ रोग्यांना शवासन शिकविले. शवासनाचा उल्लेख 'हठयोगप्रदीपिके'त आहे. थकवा घालविणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे आसन असे त्याचे वर्णन त्या ग्रंथात येते. दात्यांच्या रोग्याने करावयाचे ते असे: उताणे निजायचे, पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून थोडे दूर, बोटे सैल, डोळे अलगद मिटलेले. पोटाने सावकाश श्वास घ्यायचा. आत येणारी हवा नाकपुडीला गार लागते आणि बाहेर जाणारी ऊन लागते, तिकडे लक्ष ठेवायचे. मग एकेक अवयव जड झाला आहे असे मनाने अनुभवायचे. रोज अर्धा तास. हे नीट जमायला रोग्याला साधारण तीन आठवडे लागत.

पाहा, नुसते पडून राहण्यासाठी तीन आठवड्यांचे शिक्षण! आपण हसू, पण पडणे आणि विसावणे यांतला फरक त्या तीन आठवड्यांत आहे. ज्या दहा रोग्यांना औषध चालू नव्हते, त्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. (हा वरचा आणि खालचा दाब मिळून काढलेला सरासरीचा आकडा आहे.) ज्या बावीस जणांचा दाब औषधाने आधीच ताब्यात होता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची औषधाची गरज मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर आली. उरलेल्या पंधरा जणांचा दाब औषध असूनही ताब्यात येत नव्हता. त्यांच्यापैकी थोड्यांनाच औषध कमी करता आले. दात्यांनी तीही बाजू लपविली नाही. औषध कमी झाले ते डॉक्टरांनी दाब मोजून कमी केले, रोग्याने मनाने नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पुढे लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी अशाच प्रकारच्या शिथिलीकरणाचे प्रयोग केले. आणि १९७५ साली रोग्यांचे दोन गट पाडून, एका गटाला ते शिकवून व दुसऱ्याला न शिकविता तुलना केली. अशी तुलना दात्यांच्या प्रयोगात नव्हती. विद्या अशी एकेका पायरीने चढते.

आता आपण जरा दूर, अमेरिकेत जाऊ. कारण या तीन धाग्यांचा गोफ तेथे विणला गेला. दुसऱ्या महायुद्धात घायाळ झालेले आणि मनाने खचलेले हजारो सैनिक तेथील रुग्णालयांत होते. त्यांचे मन रमावे म्हणून वादक मंडळी जाऊन वाजवीत असत. काही रोगी खुलत. काही वाद्याचा आवाज ऐकून रडू लागत, काही चिडत. वादकाला वाजविता येत होते, पण रडणाऱ्या माणसाचे पुढे काय करावे हे त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा रुग्णालयांना कळले की वादकाला रोग्याविषयी शिकविले पाहिजे. १९४४ साली मिशिगन येथे संगीतोपचाराचा पहिला पदवी-अभ्यासक्रम निघाला. त्यानंतर कॅन्सस विद्यापीठात ई. थेयर गॅस्टन यांनी ही विद्या रुजविली, आणि १९५० साली या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना झाली. संगीताबरोबर मानसशास्त्र, शरीरशास्त्र आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी, असे या शिक्षणाचे स्वरूप ठरले.

या कॅन्सस विद्यापीठात शिकलेली एक व्हायोलिनवादक बाई, हेलन बॉनी, पुढे मेरीलँड राज्यातील मनोविकार-संशोधन केंद्रात काम करू लागली. तेथे त्या काळी एल. एस. डी. नावाच्या औषधाचे प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालत. त्या औषधाने रोग्याच्या मनापुढे प्रचंड वेगाने चित्रे उभी राहत, आणि त्याला आधार म्हणून संगीत लावले जाई. कोणते संगीत केव्हा लावायचे हे बॉनीबाई ठरवीत. पुढे त्या औषधावर निर्बंध आले आणि प्रयोग थांबले. तेव्हा बाईंना उमगले की औषधाविनाही हे साधते. माणसाचे शरीर आधी खरेखुरे विसावले आणि मग काळजीपूर्वक निवडलेले संगीत त्याच्या कानी पडले, तर त्याच्या मनात आपोआप चित्रे उमटतात. आठवणी, माणसे, वाटा, पाणी, अंधार, उजेड. त्या चित्रांतून तो स्वतःच्या दुःखाशी बोलू शकतो. १९७३ साली त्यांनी लुई सेव्हरी यांच्यासह या विषयावर पुस्तक लिहिले आणि या पद्धतीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. १९८६ साली या व्यवसायाची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. बॉनीबाई २०१० साली वारल्या.

ही पद्धत चालते कशी? आधी बोलणे होते. आज मनात काय आहे ते. मग रोगी आडवा होतो आणि मार्गदर्शक त्याला शिथिल होण्यास मदत करतो. हे पुष्कळसे आपल्या शवासनासारखेच. मग अर्धा-पाऊण तास संगीत. रोगी डोळे मिटून, जे दिसते ते मोठ्याने सांगत राहतो. मार्गदर्शक मोजके विचारतो, 'तेथे काय आहे? कसे वाटते आहे?' आणि लिहून घेतो. आपले चित्र तो रोग्यावर लादत नाही. संगीत संपले की रोग्याला हळूहळू भानावर आणायचे, एक वर्तुळ देऊन त्यात हवे ते रंगवू द्यायचे, आणि मग पुन्हा बोलायचे.

ऐकायला सोपे वाटते ना? पण याचे शिक्षण काही वर्षांचे आणि पायरीपायरीचे असते. आणि त्यातील तीन गोष्टी आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत.

पहिली अशी की शिकणाऱ्याने आधी स्वतः रोग्याच्या जागी निजले पाहिजे. दुसऱ्याला ज्या अंधारात न्यायचे, तेथून आपण एकदा जाऊन आलेले असावे. पोहणे शिकविणाराला पाण्याची भीती स्वतःच्या अंगाने माहीत असावी लागते, तसेच हे.

दुसरी, प्रत्येक प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करायचा आणि त्याची नोंद दाखवायची. गुरुकुलाची ही रीत आपल्याला परकी नाही. फक्त येथे गुरू कागदही मागतो.

तिसरी आणि सर्वांत मोलाची: कोणावर हा उपचार करायचा नाही, हे शिकायचे. ज्याला कल्पना आणि वास्तव यांतील सीमारेषा आधीच दिसेनाशी झाली आहे, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याच्या मनात आणखी चित्रे जागी करणे धोक्याचे असते. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञ हवा आणि औषध हवे. संगीताने नुसते भलेच होते, वाईट होणार ते काय, असे आपण सहज म्हणतो. पण जो अभंग तुम्हांला प्रसन्न करतो, तोच शेजाऱ्याच्या घरी कोणाच्या अंत्ययात्रेत म्हटलेला असू शकतो. त्याला तो ऐकविलात तर त्याची खपली निघेल. जे मन हलवू शकते ते मन दुखवूही शकते, आणि म्हणूनच त्याला शिक्षणाचे कुंपण हवे.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेतली विद्या आपल्या काय कामाची? प्रश्न रास्त आहे. बॉनीबाईंच्या संगीतमालिका बाख, ब्राम्स अशा पाश्चात्त्य रचनाकारांच्या आहेत. बार्शीच्या शेतकऱ्याला ब्राम्स ऐकवून त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा मळा उभा राहील, असे धरून चालता येणार नाही. त्याच्या कानात पहाटेची भूपाळी आहे, संबळ आहे, हलगी आहे, शेजारच्या कर्नाटकातून आलेले कानडी सूर आहेत. म्हणजे येथील माणसासाठी संगीत येथीलच निवडावे लागेल. पण ते निवडताना 'अमुक राग अमुक रोगावर' असा छापील तक्ता घेऊन भागणार नाही. तो तक्ता रोग्याला न विचारताच तयार झालेला असतो. आपल्या देशातही संगीतोपचाराचे शिक्षण आज मिळते. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाच्या जोडीला त्याचा स्वतंत्र विभाग आहे. लोणावळ्याचे महाविद्यालय आजही चालू आहे. पलुसकरांच्या परंपरेच्या परीक्षा गावोगाव होतात. सूर जाणणारा, शरीराचा विसावा जाणणारा आणि रोग जाणणारा, असे तिघे आपल्याकडे तीन निरनिराळ्या शाळांतून शिकून बाहेर पडतात. त्यांची एकमेकांशी ओळख होणे, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

तोपर्यंत तुम्ही आम्ही काय करावे? शिक्षक बंधु-भगिनींनी शाळा सुटण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे डोळे मिटून शांत बसवावे, एखादी धून ऐकवावी. त्याने मुलांना बरे वाटेल. त्याला उपचार म्हणू नये, इतकेच. ज्याला रक्तदाब आहे त्याने शवासन जाणत्याकडून शिकावे, खुशाल करावे. पण गोळी बंद करायची ती डॉक्टरांनी दाब मोजून सांगितल्यावरच. घरात कोणी दिवसेंदिवस झोपत नसेल, जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर गाण्याची तबकडी शोधत बसू नये; सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मनोविकार विभाग गाठावा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा.

आणि कोणी संगीताने रोग बरा करतो म्हणून तुमच्या दारी आला, तर त्याचा अपमान करू नका. त्याला पाणी द्या, बसवा, आणि चार प्रश्न विचारा. ही विद्या कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली शिकलात? ती आधी स्वतःवर करून घेतलीत काय? माझ्या डॉक्टरांशी बोलाल काय? आणि कोणत्या रोग्याला तुम्ही परत पाठविता? पहिल्या तिन्हींची उत्तरे तोंडपाठ करून देता येतात. चौथ्याचे उत्तर शिकलेल्यालाच देता येते. 'मी कोणालाच परत पाठवीत नाही, सर्व रोग बरे करतो', असे जो म्हणेल, त्याचे गाणे अवश्य ऐकावे, आवडले तर दादही द्यावी. रोगी मात्र त्याच्या स्वाधीन करू नये.